पवनीचा कोट आणि एक दिवसाची सहल

हल्लीं आमच्या कुटुंबांतून एक दिवसाच्या सहलीची प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. रविवारीं पहाटे गाडींत बसावें, दोन-तीन स्थळें पाहावीं, कोठें तरी झाडाखालीं पंगत मांडावी आणि दिवेलागणीस घरीं परतावें. यांत आक्षेप घेण्यासारखें कांहीं नाहीं; मुलाबाळांसह घराबाहेर पडण्याची बुद्धि होते, हें चांगलेंच. परंतु परत आलेल्या मंडळींस ‘काय पाहिलेंत?’ असें विचारावें, तर जें पाहावयाचें ठरवून तीं निघालीं होतीं, तेंच बहुधा सांगतात. ज्याचें नांव आधीं कानावरून गेलेलें असतें त्यावरच दृष्टि पडते. बाकीचें डोळ्यांसमोर असूनहि दिसत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत आम्हांस पवनीची अशीच सहल घडली, आणि चांगला वाटाड्या लाभल्यास हा प्रकार कसा पालटतो याचा प्रत्यय आला. तोच विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

महाराष्ट्रांत ‘किल्ला’ म्हटला कीं मनुष्याच्या मनांत प्रथम डोंगर उभा राहतो. दिवाळींत मुलें अंगणांत किल्ला करितात तोहि दगडमाती रचून उंच केलेला. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादींत केली. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत असून बारावा तामिळनाडूंतील जिंजी होय. विदर्भांतील एकहि किल्ला त्यांत नाहीं. त्याचें वैषम्य वाटण्याचें कारण नाहीं, कारण ती यादीच एका विशिष्ट राज्याच्या युद्धपद्धतीची आहे. पण त्यावरून ‘तुमच्याकडे किल्ले नाहींतच वाटतें?’ असा प्रश्न जेव्हां पुण्याकडील आप्त करितात, तेव्हां आमच्यांतील पुष्कळांस उत्तर सुचत नाहीं, याचें मात्र वाईट वाटतें. डोंगरी किल्लाच हवा असल्यास आमच्या जिल्ह्यांत तुमसराजवळ अंबागड आहे. परंतु ज्याला डोंगर मुळींच नाहीं, असा याहून पुष्कळ प्राचीन प्रकार पाहावयाचा तर पवनीसच गेलें पाहिजे.

पवनी भंडाऱ्याहून सुमारें ४५ व नागपुराहून सुमारें ८० किलोमीटरांवर, वैनगंगेच्या कांठीं वसलेली आहे. एका बाजूस नदी, आणि उरलेल्या बाजूंनीं मातीचा प्रचंड कोट व त्याबाहेर खंदक, अशी या नगराची रचना. आमच्या मंडळींत लहानथोर मिळून वीस-बावीस जणें होतीं. वाटाड्या म्हणून त्याच भागांतील एक तरुण पदवीधर ठरविला होता. गाडी वेशीपाशीं थांबतांच सर्वांचा ओढा साहजिकच गणपतीच्या दर्शनाकडे. पण तो म्हणाला, ‘गुरुजी, आधीं वेशींतून आंत नेत नाहीं. आधीं कोटाबाहेरून चालूं. आंत एकदां गेलें कीं बाहेरचें कोणी पाहत नाहीं.’ बायकांनीं उन्हाची सबब सांगितली, मुलें कुरकुरलीं. तथापि तो हटला नाहीं. त्याचें तें हटणें नव्हतें म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

दहा-पंधरा मिनिटें चालल्यावर त्यानें सर्वांस उभें केलें व विचारलें, ‘समोर काय दिसतें?’ ‘मातीचा उंचवटा आणि झुडपें,’ असें एका मुलीनें सांगितलें. ‘आणि पायांशीं?’ ‘खोलगट जागा.’ ‘या खोलगट जागेंतली माती कोठें गेली असेल?’ क्षणभर विचार करून ती मुलगी म्हणाली, ‘समोर!’ त्या एका शब्दांत त्या पोरीस कोट दिसला, आणि तिच्यामागोमाग आम्हां सर्वांसहि दिसला.

कौटिल्याचें अर्थशास्त्र ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस येथें दुर्गविधानाचें प्रकरण आठवल्यावांचून राहणार नाहीं. नगराभोंवतीं एकामागून एक तीन परिखा, म्हणजे खंदक, खणाव्या. त्यांची रुंदी अनुक्रमें चौदा, बारा व दहा दंड असावी. आणि खणून निघालेल्या मातीचाच सहा दंड उंचीचा वप्र घालावा, असें तो सांगतो. दंड म्हणजे सुमारें सहा फूट. तेव्हां ही उंची छत्तीस फुटांच्या घरांत जाते. माती घट्ट बसावी म्हणून तिजवर हत्ती व बैल फिरवावे, शत्रूस चढतां येऊं नये म्हणून कांटेरी झुडपें व विषारी वेली लावाव्या, आणि खंदकांत कमळें व मगरी असाव्या, इतक्या बारकाव्यानें त्यानें लिहिलें आहे. वप्रावरचा तट विटांचा किंवा दगडांचा करावा, लांकडाचा करूं नये, कारण लांकडांत अग्नि दबा धरून बसलेला असतो, हाहि त्याचाच इशारा. मनूनें सांगितलेल्या सहा दुर्गांतहि गिरिदुर्गाबरोबर महीदुर्ग व अब्दुर्ग गणले आहेत. पवनीचा कोट कौटिल्याच्या ग्रंथाबरहुकूम बांधला, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ग्रंथांत जी पद्धत शब्दांनीं सांगितली आहे, ती सपाट मुलखांत नदीकांठीं कशी राबत असे, हें येथें पायीं चालून समजतें. कोश उघडून परिखा, वप्र, प्राकार या शब्दांचे अर्थ मुलांकडून पाठ करून घेण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. जें कोशानें साधलें नाहीं, तें त्या तरुणाच्या एका प्रश्नानें साधलें.

त्या वाटाड्याची दुसरी एक रीति आम्हांस फार आवडली. प्रत्येक गोष्ट सांगतांना ती कोणत्या आधारानें सांगतों, हें तो वेगळें करून दाखवी. पवन नांवाच्या राजावरून पवनी हें नांव पडलें, अशी कथा सांगतांना ‘हें लोक सांगतात’ असें तो आधीं म्हणे. शिलालेखाची गोष्ट असली तर ‘हें दगडावर लिहिलें आहे’. खंदकाच्या मातीसारखी गोष्ट असली तर ‘हें तुम्हीच ताडून पाहा’. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आणि पौराणिकांनीं ऐतिह्य म्हणून आणखी एक मानिलें. न्यायशास्त्राचें एक पानहि न वाचतां हा तरुण प्रमाणांचा विवेक करीत होता. ऐतिह्य त्याज्य आहे असें नव्हे. तें ऐतिह्य म्हणून सांगितलें म्हणजे झालें. सर्व गोष्टी एकाच सुरांत सांगणारा वाटाड्या श्रोत्यांस करमणूक देतो, ज्ञान देत नाहीं.

वेशींतून आंत गेल्यावर देवदर्शन यथासांग झालें. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा येथील पंचमुखी गणेश ‘सर्वतोभद्र’ या नांवानें प्रसिद्ध आहे. देवळांची दाटी व नदीचे घाट यांमुळें पवनीस विदर्भाची काशी म्हणतात, हें वाचकांस ठाऊक असेलच. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आणलेली शिदोरी सोडली. नदींतील पाणी आतां पूर्वींसारखें केवळ ऋतूवर अवलंबून नाहीं. जवळच्या गोसीखुर्द धरणाचा, ज्याची कोनशिला १९८८ सालीं बसली, त्यावर अंमल आहे.

दुपारीं आम्ही कोटाबाहेरच्या जगन्नाथ टेकडीवर गेलों. या दिवसांतील खरा प्रसंग तेथेंच घडला. टेकडीवर जगन्नाथाचें देऊळ आहे. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें, तेव्हां ही टेकडी म्हणजे एक विशाल बौद्ध स्तूप असल्याचें उघड झालें. दुसरा स्तूप हरदोलाला टेकडींत सांपडला. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारें ३६.५ मीटर आहे. येथील स्तूप त्याहून उणे नव्हेत. मौर्यकाळापासून सातवाहनकाळापर्यंत त्यांची बांधणी व वाढ होत गेली. वेदिकेचे कोरीव स्तंभ निघाले. त्यांतील एकावर नागराज मुचलिंद फणा उभारून आहे व त्याचें नांव ब्राह्मी अक्षरांत दिलें आहे. बोधिप्राप्तीनंतर तथागतावर पाऊस कोसळूं लागला असतां याच नागानें छत्र धरिलें, अशी कथा आहे.

हें ऐकून आमच्या मंडळींतील एक वृद्ध वकील जरा तीव्र स्वरानें म्हणाले, ‘म्हणजे आमचें देऊळ दुसऱ्यांच्या स्तूपावर उभें आहे, असें तुमचें म्हणणें?’ सर्वजण गप्प झालीं. तो तरुण शांतपणें म्हणाला, ‘आजोबा, स्तूप खालीं आहे आणि देऊळ वर आहे, एवढें दिसतें. मध्यें कित्येक शतकें गेलीं आहेत. त्यांत कोणी कोणाचें काय केलें, तें मी आपल्या मनानें भरून सांगणार नाहीं.’

आमच्या मतें याहून योग्य उत्तर देतां आलें नसतें. तथापि वकिलांचा प्रश्नहि आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं, कारण तो आमच्या पुष्कळ घरांतला न बोललेला प्रश्न आहे. आपण कोणतीहि पूजा मांडतांना संकल्पांत ‘बौद्धावतारे’ असा उच्चार करितों. तोंडानें रोज ज्याचें नांव घेतों, त्याचा स्तूप पायाखालीं निघाला म्हणून दचकावें कां? आणि ही केवळ पुराणवस्तूंची गोष्ट नाहीं. १९५६ च्या ऑक्टोबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास धम्मदीक्षा घेतली, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्यांतील असंख्य शेजाऱ्यांस ही माती पूज्य आहे. जवळच रुयाड येथें नवा महास्तूपहि उभा आहे. शेजाऱ्याचें पूज्य स्थान आपल्याच देवळाखालीं आहे, हें मुलांनीं दबक्या आवाजांत बाहेरून ऐकण्यापेक्षां आईबापांसमक्ष, पुराव्यासह आणि आदरानें ऐकावें, हें शतपट बरें. त्या टेकडीवर आमच्या नातवंडांनीं तें तसें ऐकलें.

आतां थोडें उपमान. युरोपांतील चेक देशांत व्लताव्हा नदीच्या वळणांत चेस्की क्रुमलोव्ह नांवाचें एक किल्ल्याचें नगर आहे. तेराव्या शतकापासूनचा तो किल्ला व नगर यांस युनेस्कोनें १९९२ सालीं जागतिक वारशांत घेतलें. प्राग शहराहून लोक एका दिवसाची सहल काढून तेथें जातात. राजवाड्याचीं दालनें पाहावयाचीं तर वाटाड्याबरोबर, ठराविक तुकडींतूनच जावें लागतें. खंदकांत अस्वलें पाळण्याची तेथें जुनी चाल आहे; कौटिल्याच्या मगरी आठवून आम्हांस तिची मौज वाटते. मात्र त्या नगरास पाहुणे इतके लोटतात कीं मूळ रहिवाशांस जुन्या भागांत राहणें जड झालें आहे. त्याचें दुखणें अतिपरिचयाचें, तर पवनीचें अपरिचयाचें. दगडी तट पडला तरी दगड ओळखूं येतो. मातीचा कोट मात्र कोट वाटतच नाहीं. तो फुकटची माती वाटतो आणि खंदक उकिरड्याची जागा वाटते. कायदा कितीहि कडक असो, शेजारच्या माणसास जी वस्तु दिसतच नाहीं, तिचें रक्षण तो कशाला करील?

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी कीं या हिवाळ्यांत पवनीची सहल अवश्य करावी, व ती पुढील क्रमानें करावी. सकाळीं आधीं कोटाबाहेरून खंदकाच्या कडेनें चालावें, मग वेशींतून आंत शिरावें. नंतर देवदर्शन व घाट. उन्हें उतरल्यावर जगन्नाथ टेकडी. वाटाड्या तेथलाच घ्यावा, त्याचा मोबदला हात आंखडतां न घेतां द्यावा, आणि प्रत्येक वेळीं ‘हें कशावरून?’ म्हणून त्यास विचारावें. चांगल्या वाटाड्यास हा प्रश्न आवडतो. पुढें कधीं नागपुरास जाणें झाल्यास १८६३ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयांत, ज्यास लोक अजब बंगला म्हणतात, पवनीचा छायास्तंभ पाहावा. तो महाक्षत्रप रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. भार कुळांतील भगदत्त राजाचाहि एक शिलालेख पवनीस मिळाला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो वाचून प्रसिद्ध केला.

आणि घरीं परतल्यावर मुलांकडून नगराचा एक नकाशा काढून घ्यावा: नदी, खंदक, कोट, वेस, देवळें, टेकड्या. त्यांत कोटाची रेघ काढावयास मूल विसरलें, तर सहल पुन्हां करावी. पवनी कांहीं लांब नाहीं.