शंका कोणत्या भाषेत?

बेळगावचे आमचे एक कॅथलिक शेजारी परवा व्यथित होऊन सांगत होते. पुण्यास शिकणारा मुलगा सुट्टीत घरी आला, परंतु रविवारच्या मिस्सेस येईना. विज्ञान शिकल्यावर हे पटत नाही म्हणे! वास्तविक विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. कारण निराळे असावे, असे वाटून मी मुलालाच गाठले.

“काका, घरची प्रार्थना कोंकणीत, धर्मशिक्षण इंग्रजीत, विचार मात्र मराठीत. आजी गेली त्या रात्री देवाला जाब विचारायचा होता. कोणत्या भाषेत विचारू?”

सीमाभागाचे दुखणे हे असे प्रार्थनेपर्यंत पोहोचते! व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली खरी. पण जिथे एकाच घरात तीन लोकभाषा, तिथे काय करावे?

मी फादर स्टीफन्स यांचे, १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ त्याच्या हाती ठेवले. मराठी ओवीबद्ध ग्रंथ; त्यात श्रोते पाद्रीगुरूला प्रश्न विचारतात. त्याने दोन पाने वाचली.

“प्रश्न विचारलेले चालत होते तर!” म्हणाला आणि ग्रंथ पुण्यास घेऊन गेला. मिस्सेला मात्र त्याही रविवारी गेला नाही.