परत फिरण्याची वेळ

सायकलवरून घाट चढायचा बेत ठरला की पहिला प्रश्न असतो, किती किलोमीटर? माझं मत असं की हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी विचारावं, परत कधी फिरायचं? हे शहाणपण मला चूक करूनच आलं.

डिसेंबरचे दिवस होते. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि त्याच दिवशी परत, असा बेत मी केला. महाड ते पोलादपूर वीस किलोमीटर, पुढे महाबळेश्वर चाळीस. जाऊन येऊन सव्वाशेच्या आत. सपाट रस्त्यावर एवढं अंतर मी सात तासांत कापलं होतं. सोबत बहिणीचा मुलगा होता, कॉलेजात शिकणारा. "अंधार पडायच्या आत घरी आणतो," असं मी तिला सांगितलं आणि सकाळी आरामात आठला निघालो.

माझा हिशेब इथेच चुकला. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे चाळीस किलोमीटरमध्ये जवळपास तेराशे मीटर चढ. अशा चढावर आपल्यासारख्या माणसाचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. पाणी पिणं, दम घेणं धरलं तर पाच तास कुठेच गेले नाहीत. हे कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरली असती. मी मांडलं नाही.

प्रतापगडाच्या फाट्यावर एक वाजला. भाचा म्हणाला, "मामू, पाय भरून आलेत. इथूनच फिरू या का?" मी म्हणालो, "आता थोडंच राहिलंय." थोडं नव्हतं, वीस किलोमीटरहून जास्त होतं. मला ते माहीत होतं. पण महाबळेश्वरच्या बाजारात सायकल उभी करून फोटो काढायचा होता, म्हणून मी खोटं बोललो.

वर पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. खाऊन उतरायला लागलो पाचला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीतल्या रस्त्यावर त्याआधीच काळोखं होतं. चढाने पाय थकतात, उताराने हात. सतत ब्रेक दाबून बोटं बधिर झाली. एका वळणावर बारीक खडीवरून भाच्याची सायकल घसरली आणि तो कठड्याला जाऊन लागला. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. कठडा होता म्हणून एवढ्यावर निभावलं.

मागून आलेल्या टेम्पोवाल्याने दोन्ही सायकली चढवल्या आणि पोलादपूरपर्यंत एकच गोष्ट सुनावली: "उजेड असताना उतरायचं असतं, एवढं कळत नाही का?" बहिणीने मात्र काहीच सुनावलं नाही. ते जास्त लागलं.

माझे काही मित्र म्हणतात, सगळं ठरवून निघालं तर त्यात साहस काय उरलं? मला हे पटत नाही. त्या दिवशी मी घाट पाहिलाच नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून खाली जाते, म्हणजे आम्ही आमच्याच नदीच्या उगमाकडे चढत होतो. ती दरी बाजूला होती आणि माझी नजर घड्याळावर. वेळ हाताशी असेल तरच माणूस थांबून दरी बघतो.

आता आम्ही बेत आखतो तो असा. आधी चढ किती मीटर ते बघायचं, मग किलोमीटर. पावसाळ्यात हा घाट नाहीच, कारण दरडी, धुकं आणि शेवाळलेला रस्ता. पहाटे फटफटलं की निघायचं. पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती जवळपास सारख्या दातांच्या हव्यात, नाहीतर गुडघे बोलतात. पाण्याच्या दोन बाटल्या, केळी, चिक्की, एक जादा ट्यूब, पंप, पुढे-मागे दिवे. निघण्याआधी ब्रेकचे रबर तपासायचे. उतारावर वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही.

आणि सगळ्यात वर परत फिरण्याची वेळ लिहायची. ती घरी ठरवायची, कारण चढावर दमलेला माणूस स्वतःशीही खरं बोलत नाही. दुसरं म्हणजे, फिरू या म्हणण्याचा हक्क सगळ्यात मागे असलेल्याचा. त्याने म्हटलं की पुढच्याने वाद घालायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघालो. बहिणीने भाच्याला पाठवलं, पण वेळेचा कागद आधी मागून घेतला आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवला. साडेअकराला फाट्याच्या अलीकडेच भाचा म्हणाला, "मामू, वेळ झाली." पाय माझे ताजे होते, तरी सायकल वळवली. उतरताना तीनदा थांबलो आणि दुपारी घरी जेवलो.

महाबळेश्वर अजून राहिलंय. पुढच्या वेळी वर मुक्काम करायचा आणि सकाळच्या उन्हात उतरायचं, असं ठरतंय. कागद या वेळी भाचा लिहिणार आहे.