चारही चाकांच्या ओढीची जुनी पिकअप : शेताची गरज किती, हौस किती?

भीमेच्या काठचे वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर नदीकाठची चिकण काळी जमीन, ऊस, कांदा, तरकारी आणि फुले अशी त्याची व शेजारच्या गावांची ओळख सांगता येईल. पुण्याचा गुलटेकडीचा बाजार येथून ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. कांद्यासाठी चाकणची पेठही आटोक्यात आहे. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने वाढल्यापासून काही कुटुंबांच्या हाती जमिनीचा पैसा आला, काहींच्या घरी नोकरीचा पगार येऊ लागला. अशा परिस्थितीत बैलगाडीची जागा मालवाहू मोटारीने घेतली, यात नवल नाही. नवल आहे ते एवढ्याचेच की, साध्या पिकअपऐवजी चारही चाकांना ओढ असलेली, उंच बांध्याची, दुहेरी केबिनची जुनी गाडी घेण्याकडे तरुण शेतकऱ्यांचा कल वाढत चालला आहे.

या गाडीचे आकर्षण आजचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि १९५२ साली सुरू झालेल्या समूह विकास योजनेत गटांच्या अधिकाऱ्यांना जीपगाड्या मिळाल्या. ज्या वाटेने बैलगाडीही कष्टाने जाई, त्या वाटेने जीप जाते, हे खेड्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. आजच्या पिकअप याच वंशातल्या. बोलेरो कॅम्परचा चार चाकांच्या ओढीचा नमुना, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटांची झेनॉन, २०१६ साली भारतात आलेली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स ही त्यांतील ओळखीची नावे होत. नव्या गाडीची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असल्याने जुन्या गाडीचा शोध सुरू होतो, आणि घोटाळाही तेथेच सुरू होतो.

पहिला गैरसमज भारक्षमतेविषयी आहे. गाडी जितकी उंच आणि दणकट दिसते तितका माल ती नेईल, असे समजले जाते. प्रत्यक्षात बोलेरो पिकअपच्या एका साध्या नमुन्याच्या नावातच १.७ टन हा आकडा आहे. उलट, पाच माणसे बसतील अशी ऐसपैस केबिन असलेल्या रुबाबदार पिकअपचा हौदा आखूड असतो आणि तिला नेता येणारा भार पुष्कळच कमी असतो. केबिन, गाद्या, पुढील आसाची यंत्रणा यांचे वजन कोठून तरी वजा व्हावयाचेच. तेव्हा कांद्याच्या पन्नास किलोच्या वीस गोण्या, म्हणजे एक टन माल, नियमितपणे न्यावयाचा असेल तर नोंदणी पुस्तकातील रिकामे वजन व भारासह वजन हे दोन आकडे पाहून वजाबाकी करावी. त्या वजाबाकीत चालक व सोबतची माणसेही धरावी लागतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भाराबद्दल २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दंडापेक्षा मोठी शिक्षा ब्रेक आणि मागील आस भोगतात.

दुसरा गैरसमज अधिक नुकसानीचा आहे. चारही चाके ओढतात म्हणून ओल्या शेतात खुशाल उतरावे, असा अर्थ घेतला जातो. भीमाकाठच्या काळ्या जमिनीवर पाऊस पडून गेल्यावर टायरच्या खाचा चिकणमातीने भरतात. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाले, आणि मग दोन काय नि चार काय, सारीच चाके जागच्या जागी फिरतात. गाडी रिकामी असेल तर मागील चाकांवर वजनच नसते. अशा वेळी इंजिनाचा जोर वाढविणे म्हणजे गाडी आसापर्यंत पुरून घेणे होय. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणावा लागतो. हे झाले गाडीचे. जमिनीचे काय? रिकामी असतानाच दोन टनांच्या घरात जाणारी ही गाडी वाफसा येण्यापूर्वी शेतात फिरली तर चाकोरीखालची माती दाबून जाते, पाण्याचा निचरा थांबतो आणि पुढील पिकाच्या मुळांना त्या पट्ट्यात खाली जाता येत नाही. ज्या शेतकऱ्याला नांगरटीसाठी वाफशाची वाट पाहणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने मोटारीसाठी तो नियम मोडावा, हे समजण्यास कठीण आहे. माल बांधापर्यंत डोक्यावरून वा हलक्या गाड्यावरून आणावा आणि पिकअप शिवेच्या रस्त्यावर उभी करावी, हेच हिताचे.

मग या यंत्रणेचा उपयोग कोठे? कच्च्या शिवरस्त्याच्या चढावर, ओढ्याच्या उतारात, मुरमाड व खडकाळ वाटेवर ती खरोखर कामास येते. छोट्या गियरमध्ये गाडी मुंगीच्या चालीने, पण बिनधोक चढते. अशी वाट ज्याच्या नशिबी वर्षातून आठ महिने आहे, त्याने ही गाडी अवश्य घ्यावी. शेतापर्यंत खडीचा रस्ता आणि पुढे पुणे–नगर महामार्ग एवढाच ज्याचा प्रवास, त्याच्या गाडीची पुढील ओढ बहुधा गंज खात पडते. या गाड्यांत ती हवी तेव्हा जोडावयाची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून वळणे घेतली तर पुढील व मागील चाकांची गती जमत नाही आणि दातेचक्रांवर ताण येतो. उलट, ती कधीच न जोडल्यास सांधे आखडतात. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ती जोडून थोडे अंतर चालवावी, हा अनुभवी मालकांचा परिपाठ आहे.

जुनी गाडी पाहावयास जाताना बहुतेक जण रंग पाहतात, टायर पाहतात, काचेवरील अक्षरे वाचतात आणि गाणी लावून पाहतात. गाडीचा खरा इतिहास तिच्या पोटाखाली लिहिलेला असतो. माहितगार मेस्त्रीला बरोबर घेऊन गाडी पहाटे, इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावी. विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळा धूर दिसला तर इंजिन तेल जाळते असे समजावे. चौकटीवर नव्या जोडाच्या खुणा असल्यास, कमानीत जादा पाटा घातलेला असल्यास, ती गाडी पूर्वी वाळू किंवा विटा वाहत असावी असा संशय घेण्यास जागा आहे. मागील व पुढील आसाच्या डिफरन्शियलमधील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेलेले आहे. पुढील आसाच्या टोकांचे रबरी बूट फाटले असतील तर माती आत जाऊन सांधे झिजलेले असतात. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. पायाखालच्या पेडलचे रबर आणि चाकाच्या कड्यावरील झीज त्याहून खरे बोलतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास आणि गालिचा उचलल्यास गाडी पुरात बुडाली होती काय, हे पुष्कळदा कळते, कारण तेथला गाळ धुवावयाचे सहसा राहून जाते. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती मोकळी होण्यास गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. नुसत्या गाव ते मळा अशा फेऱ्यांनी ती तुंबते आणि खर्चात टाकते.

सुट्या भागांचाही विचार हवा. खपाच्या गाडीचा भाग शिक्रापूर–शिरूरच्या दुकानात मिळेल आणि गावचा मेस्त्री तो बसवील. विरळ खपाच्या गाडीसाठी शहराची वाट धरावी लागते, आणि तोडलेली फुले किंवा काढलेली मेथी तोवर थांबत नाही.

आता हिशेब. समजा, गाडी ६ लाखांस घेतली आणि चार वर्षांनी साडेतीन लाखांस विकली. झीज वर्षास ६२,५०० रुपये. रकमेवर दहा टक्के व्याज धरले तर ६०,००० रुपये. पैसा घरचा असला तरी व्याज धरावेच, कारण तो अन्यत्र कामी आला असता. विमा, टायर, तेल, ब्रेक, किरकोळ दुरुस्ती मिळून ४०,००० धरू. हे झाले १,६२,५०० रुपये. वर्षात ६५ फेऱ्या झाल्या तर डिझेल सोडून प्रत्येक फेरीवर २,५०० रुपये पडतात. १३० फेऱ्या झाल्या तर १,२५०. ज्याने त्याने स्वतःचे आकडे घालावेत आणि गावात भाड्याने मिळणाऱ्या पिकअपच्या दराशी, त्यातून डिझेल व चालकाची मजुरी वजा करून, ताडून पाहावेत. दोन-तीन एकर ऊस आणि थोडा कांदा एवढ्याच शेतीला असल्या गाडीचा भार बहुधा पेलणार नाही. रोज तरकारी किंवा फुले बाजारात नेणाऱ्याचे गणित निराळे. तीन-चार भावकीतल्या किंवा शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून गाडी घेण्याची कल्पना चांगली आहे. मात्र वारांची वाटणी आणि दुरुस्तीचा वाटा आधी कागदावर ठरला पाहिजे.

एका गोष्टीबाबत मात्र तडजोड नको. कांदा लागवडीच्या वा खुरपणीच्या दिवसांत पाच-सहा बायका केबिनमध्ये आणि दहा-पंधरा हौद्यात, असे दृश्य सर्रास दिसते. जत्रेच्या दिवशी ती संख्या आणखी वाढते. हौद्यात न पट्टा, न टप. उभ्या माणसांमुळे गाडीचा तोल वर सरकतो आणि उंच बांध्याची गाडी मुळातच कलती असते. शेजारच्या खेड तालुक्यात ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप घाटातील चढावर मागे येऊन खाली कोसळली आणि अनेक महिला मृत्युमुखी पडल्या. मालवाहू गाडीत फुकट बसविलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. तेव्हा ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून हौद्यात चढविलेल्या मजुरांची जबाबदारी मालकाच्या घरादारावर येऊ शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खते आणि बियाणे यांच्या बरोबरीने ही गोष्टही हंगामापूर्वीच्या सभेत बोलून दाखविली पाहिजे.

कागदपत्रांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. सातबारा आणि फेरफार पाहिल्यावाचून कोणी गुंठाभर जमीन घेणार नाही. परंतु लाखो रुपयांची गाडी मात्र साध्या मुद्रांकावरील लिखाणावर हातोहात घेतली जाते, आणि नाव पुढे वर्षानुवर्षे जुन्या मालकाचेच राहते. कायद्याप्रमाणे, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर, विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास हस्तांतर कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका जुन्या मालकाच्या प्रकरणात सांगितले; त्याच्यामागे गाडी तीन-चार हातांतून फिरली होती. म्हणजे विकणाऱ्यालाही सुटका नाही. नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी खाजगी म्हणून नोंदली आहे की मालवाहू म्हणून, हेही तेथेच पाहावे: मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते, खाजगी नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते. दहा वर्षांची मालवाहू गाडी स्वस्त मिळाली म्हणून आनंद मानणाऱ्याने पुढील पासिंगची तारीख आणि त्यासाठी करावयाच्या दुरुस्तीचा खर्च विक्रेत्याच्या देखत लिहून काढावा, आणि मगच इसाराची रक्कम द्यावी.