भुताला हसलो, मांत्रिकाचे काय?

दौंड-सोलापूर लोहमार्गावरील केम हे करमाळा तालुक्यातील गाव कुंकवाच्या कारखान्यांसाठी सर्वत्र ओळखले जाते. या धंद्यावर तेथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, आणि कष्टाची भाकरी ही नेहमी मानाचीच असते. कुंकू ही वस्तू निर्दोष आहे. परंतु तेच कुंकू कापलेल्या लिंबाला फासून लिंबू तिकाटण्यावर टाकला की चांगले शिकलेसवरलेले गृहस्थही वाट वाकडी करून जातात. लिंबाच्या फोडीत हे सामर्थ्य कोठून येते? ते लिंबात नसते, कुंकवातही नसते. ते वाट वाकडी करणाऱ्याच्या मनात असते. मनातील हे भय हाच आजच्या अग्रलेखाचा विषय आहे, आणि तो आम्हांस केम येथेच सुचला.

तेथील काही धम्मबांधवांच्या घरी बसण्याचा नुकताच योग आला. दूरचित्रवाणीवर महेश कोठारे यांचा २००४ सालचा ‘पछाडलेला’ हा चित्रपट चालला होता. मृतांची भुते वाड्यात उतरलेल्या तरुणांना पछाडतात आणि त्यातून हास्याचा कल्लोळ उडतो, असा हा खेळ. याच दिग्दर्शकाचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ही घरातील लहानथोरांस तोंडपाठ होता. खेळ संपल्यावर साहजिकच चर्चा सुरू झाली. एका तरुणाचे म्हणणे असे की, ही निव्वळ करमणूक आहे. दिवसभर राबलेल्या माणसाने दोन घटका हसावे, त्यात तत्त्वज्ञान कशाला शोधावे? दुसऱ्या एका कार्यकर्त्याचे मत याच्या अगदी उलट पडले. असले चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, सबब सरकारने त्यांवर बंदी घातली पाहिजे, असे त्यांनी ठासून सांगितले. घरच्या उपासिकेची तक्रार साधी होती. पोरे खेळ पाहताना खदाखदा हसतात आणि रात्री मोरीपर्यंत एकटी जायला घाबरतात!

कोपऱ्यात एक वृद्ध उपासिका बसल्या होत्या. त्यांनी कोणतीच बाजू घेतली नाही. त्या एवढेच म्हणाल्या की, सिनेमात मांत्रिकाने झाडू उगारला की सगळे हसतात. परंतु आपल्या लहानपणी तो झाडू ज्या बाळंतिणीच्या पाठीवर बसताना आपण पाहिला, ती काही हसत नव्हती. या बोलण्यावर घरात कोणी काही बोलले नाही. आमच्या मते त्या चर्चेतील खरा मुद्दा त्या माउलीनेच मांडला होता.

हसण्याला आमचा विरोध नाही. भय घालविण्याचे हास्यासारखे दुसरे साधन नाही. अमेरिकेत १९७३ साली ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटाने पिशाचबाधा झालेली मुलगी दाखवून प्रेक्षकांची गाळण उडविली. त्या मुलीची भूमिका करणाऱ्या लिंडा ब्लेअर या नटीनेच पुढे १९९० साली ‘रिपझेस्ड’ या चित्रपटात त्याच भूमिकेची टर उडविली. सतरा वर्षांत किंकाळीची जागा हशाने घेतली. आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. सत्यशोधक जलशांनी भटभिक्षुकीला हसून नामोहरम केले. भीमराव कर्डकादिकांच्या आंबेडकरी जलशांनी जे काम सभा आणि ठराव करू शकत नव्हते ते वस्त्यावस्त्यांत जाऊन केले. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारीत, आणि श्रोते हसता हसता स्वतःच्याच अज्ञानाला हसू लागत.

परंतु त्या हास्यात आणि या हास्यात एक अंतर आहे, ते ध्यानी घेतले पाहिजे. जलशातले हसू श्रोत्याकडे परत येत असे; आपण कोणाला फसलो, का फसलो, हे त्याला उमगत असे. चित्रपटातले हसू मात्र बहुधा पडद्यापाशीच थांबते. भुताच्या फजितीला प्रेक्षक हसतो, पण भूत आहे ही समजूत जशीच्या तशी घरी घेऊन जातो. ‘झपाटलेला’मध्ये गुंडाचा आत्मा मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. प्रेक्षक बाहुल्याला हसतो, परंतु आत्मा देहातून निघून दुसरीकडे शिरू शकतो हे गृहीत धरल्यावाचून त्या कथेचे पानच उलटत नाही. हसण्याच्या मोबदल्यात हे गृहीत त्याच्या गळी उतरते आणि त्याला ते कळतही नाही.

याहून बोलके उदाहरण हिंदी चित्रपटाचे आहे. १९९३ सालच्या एका मल्याळी चित्रपटावरून प्रियदर्शन यांनी २००७ साली ‘भूल भुलैया’ काढला. त्यात वाड्यातील भूत हे भूत नसते. एका विवाहितेला जडलेला तो मनाचा आजार असतो, आणि तो ओळखणारा नायक मानसोपचारतज्ज्ञ असतो. चित्रपट विनोदी होता, भयप्रदही होता, आणि तरीही रोग्याला रोगी म्हणण्याचे धैर्य त्यात होते. लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे २०२२ साली त्याच नावाचा दुसरा भाग निघाला. त्यात डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी भुतांशी बोलण्याचे ढोंग करणारा बाबा नायक होऊन आला. वाड्यातील भूत तर खरेच निघाले! पंधरा वर्षांत एका नावाखाली आपण पुढे आलो की मागे गेलो, याचा विचार वाचकांनीच करावा.

भुताच्या या कल्पनेकडे आमच्या समाजाने तर अधिकच बारकाईने पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातील भुतांची यादी काढली तर काय दिसते? ब्राह्मण मेला की त्याचा ब्रह्मसमंध होतो. मुंज झालेला मुलगा लग्नापूर्वी मेला की त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. आदित्य सरपोतदार यांचा २०२४ सालचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट याच समजुतीवर उभा आहे. म्हणजे ज्याला मुंजीचा अधिकार नाही, त्याला मुंजा होण्याचाही अधिकार नाही! चातुर्वर्ण्याने माणसाचा पिच्छा सरणावरही सोडला नाही. आणि स्त्रीच्या वाट्याला काय आले? बाळंतपणात मेली की तिची हडळ होते. ती का मेली, सुईण कोठे होती, दवाखाना किती कोस दूर होता, तिच्या पोटात पुरेसे अन्न होते काय, हे प्रश्न गावाने विचारले नाहीत. त्यांचे उत्तर देण्यापेक्षा मेलेलीलाच भूत ठरविणे सोपे होते. जिवंतपणी उपेक्षा आणि मेल्यावर बदनामी, असा हा न्याय आहे. हडळीला हसताना एवढे स्मरण ठेवले तरी त्या हसण्याचा रोख बदलेल.

बौद्धाला तर भूत परवडणारेच नाही. भूत म्हणजे देह सोडून भटकणारा आत्मा. आणि आत्मा नाही हा तथागतांच्या शिकवणीचा पाया आहे. जो नाहीच तो भटकणार कोठे आणि शिरणार कोणाच्या अंगात? दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ज्या हीन विद्यांपासून श्रमणाने दूर राहावे असे सांगितले आहे, त्यांत भूतविद्येचे नाव स्पष्ट घातलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आहे. ती केवळ खर्च वाचविण्यासाठी नव्हे. मेलेले परत येतात, त्यांना तृप्त करावे लागते, नाहीतर ते छळतात, ही भीतीची साखळीच त्यांना तोडावयाची होती.

ती तुटली काय? नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना आम्ही हा प्रश्न आपुलकीने विचारतो. देव्हारा उतरला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु उंबऱ्यावर लिंबू-मिरची लटकतेच आहे, तान्ह्या मुलाची दृष्ट काढली जातेच आहे, असेही आम्ही पाहतो. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी भिक्खूंकडून परित्राणाचा धागा बांधून घेताना तो बाधा टळण्यासाठी बांधून घेतात. मांत्रिकाच्या जागी भिक्खूला बसविले म्हणजे धर्मांतर झाले असे होत नाही. दार बदलले, दुकान तेच राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

या दुकानाचा हिशेब फार महाग आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने मनोरुग्णांना ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका झोपडवजा आश्रमाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू न शकल्यामुळे २८ जणांचा कोळसा झाला. मंदिर असो, दर्गा असो की आणखी काही असो, रोग्याला बाधित ठरविले की साखळी येतेच. आपल्या राज्यात या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झिजले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजविलेले पाणी पाजणे हे या कायद्याने गुन्हे ठरले आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

तेव्हा बंदीची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे की, कायद्याने कृत्याला हात घातला आहे, कथेला नव्हे, आणि ते योग्यच आहे. ज्या समाजाचे तोंड शतकानुशतके बांधून ठेवले होते, त्याने दुसऱ्याच्या तोंडावर पट्टी बांधण्याची घाई करू नये. आज भुताच्या कथेवर बंदी मागितली, तर उद्या आमच्या जलशावर ती कोणी मागितल्यास आम्ही कोणत्या तोंडाने भांडणार? आणि ही केवळ करमणूक आहे म्हणणाऱ्या तरुणाला आमचे विचारणे असे की, करमणुकीने काहीच होत नसेल, तर रात्री मोरीपर्यंत जायला पोरे का घाबरतात?

मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तो घरातूनच जातो. चित्रपट पाहावा, मनमुराद हसावे. परंतु खेळ संपल्यावर मुलांना जवळ घेऊन दोन प्रश्न विचारावेत. आपण हसलो ते कोणाला, लोकांना लुबाडणाऱ्या मांत्रिकाला की ज्याला बाधित म्हणतात त्या दुःखी माणसाला? आणि गोष्ट संपली तेव्हा भूत उरले की भ्रम फिटला? हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागलेले मूल कोणताही चित्रपट पाहो, त्याचे नुकसान होणार नाही. वैज्ञानिक दृष्टी व चिकित्सक वृत्ती वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ पासून घटनेत लिहिलेले आहे. त्याचा आरंभ अशा घरगुती प्रश्नोत्तरांतूनच होत असतो.

आणि खरी परीक्षा पडद्यासमोर नव्हे, तर पडदा मिटल्यावर होते. घरातील सून बाळंतपणानंतर अन्न सोडते, एकटक बघत राहते, मुलाला जवळ घेत नाही. एखाद्या तरुणाला दातखीळ बसून झटके येतात. कोणाला कानांत आवाज ऐकू येतात. अशा वेळी शेजारीण हळूच येऊन अमुक गावच्या जाणत्याचे नाव सांगते. तो क्षण कसोटीचा आहे. बाळंतपणानंतरची खिन्नता हा आजार आहे, अपस्मार हा आजार आहे, भास होणे हाही आजार आहे. आणि त्यांवर औषधोपचार आहेत. रोग्याला सरकारी दवाखान्यात न्यावे. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले, तर १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते. आणि कोणी झाडू उगारलाच, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरू नये.

केमच्या त्या वृद्ध उपासिकेने पाहिलेल्या बाळंतिणीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांस झाले नाही. तिच्यासाठी तेव्हा ना कायदा होता, ना डॉक्टर, ना तो झाडू धरणारा एखादा हात. आज कायदा आहे, डॉक्टर आहे. उरला प्रश्न हाताचा. आणि तो हात ज्या घरी हे पाक्षिक वाचले जाते त्या घरातून पुढे आला पाहिजे. तो आला, म्हणजे भुताला मनसोक्त हसण्याचा अधिकार आपण खऱ्या अर्थाने मिळविला, असे आम्ही समजू.