वखारीवाचून आलेली कंपनी

लोणारचे सरोवर १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ‘शोधून काढले’, असे आजही सर्रास लिहिले जाते आणि सुशिक्षित वाचक ते मुकाट्याने वाचतात. येथे काच व साबण यांचे साहित्य मिळते अशी नोंद अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त सोळाव्या शतकातच करून ठेवली आहे, दैत्यसूदनाचे मंदिर तर त्याहूनही जुने. पण आमची तक्रार साहेबाविषयी नाहीच. निजामाच्या मुलखात तो इतका निर्धास्त हिंडत कसा होता, हा प्रश्न आम्हांस पडत नाही, ही खरी तक्रार आहे.

कंपनी म्हटली की आम्हांस सुरतेची वखार आठवते. शिवाजीमहाराजांनी १६६१ साली लुटलेली राजापूरची वखार आठवते. वऱ्हाडात कंपनीने आपले पाऊल वखारीने रोविले नाही. ती आली फौजेच्या खर्चाची वही घेऊन. निजामाच्या पैशाने पोसलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील ‘रसेल ब्रिगेड’ हैदराबादेत उभी राहिली. हटकरांचे पुढारी नौसाजी नाईक यांनी बंडाचे निशाण उभारले, तेव्हा १८१९ च्या जानेवारीत नांदेडकडील नोव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घालून तो सर केला, तो याच फौजेने. आतल्या शिबंदीपैकी बहुतेक लोक लढता लढता पडले. (हे नाव आमच्या किती पदवीधरांनी ऐकले असेल?)

पुढे हीच फौज ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून वाढत गेली, आणि तिच्या पगाराची थकबाकी सुमारे ४५ लक्षांवर गेल्याचे दाखवून १८५३ च्या मे महिन्यात कंपनीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. लोणारही त्यातच गेले. ज्या फौजेने येथील बंडे मोडली, तिचेच देणे फेडण्यासाठी हा मुलूख गहाण पडला!

१८५८ साली कंपनीचे राज्य संपले. १८६० च्या तहाने निजामाचे उरलेले कर्जही माफ झाले, रायचूर व धाराशिव त्यास परत मिळाले. कापसाचा वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडला नाही. १९०२ साली कर्झनने तो सालीना २५ लक्षांच्या खंडाने कायमचा लिहून घेतला.

२०२० साली लोणारची गणना रामसर पाणथळांत झाली. तेथे येणाऱ्या प्रवाशास उल्कापाताची माहिती अवश्य द्यावी. परंतु अलेक्झांडरचे नाव जेथे लिहावयाचे, तेथे त्याच्याखाली नौसाजी नाईकांचे नाव आणि १८५३ हे साल लिहिण्यास जागा कमी पडू नये.