हसावे कोणी कोणास?

तालुक्याच्या गावाहून येणारे बातमीपत्र हा शहरातील वृत्तपत्रांच्या कचेरीत करमणुकीचा विषय असतो. 'रस्त्याचे भूमिपूजन थाटात', 'नवनिर्वाचितांचा सत्कार', 'शेकडो कार्यकर्त्यांचा पक्षप्रवेश' ही तीन शीर्षके आलटूनपालटून छापली, तरी वर्षाची बेगमी होते. भूमिपूजन झालेला रस्ता पुरा झाल्याची बातमी मात्र क्वचितच येते. आणि पक्षप्रवेशांची बेरीज केली, तर कित्येक तालुक्यांची लोकसंख्या खानेसुमारीपेक्षा अधिक भरेल. रायगड जिल्ह्यातील म्हसळा याला अपवाद नाही, आणि अशा बातम्यांना आम्हीही मनसोक्त हसलो आहो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

निमित्तेही उत्तम मिळतात. म्हसळा नगरपंचायतीचे निवडून द्यावयाचे सभासद अवघे १७. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे, राज्यातील इतर नगरपंचायतींप्रमाणे येथेही मतदान दोन हप्त्यांत झाले : पहिला हप्ता २१ डिसेंबर २०२१ रोजी, दुसरा १८ जानेवारी २०२२ रोजी. मोजणी १९ जानेवारीस. पहिल्या हप्त्यातील उमेदवारांचे भवितव्य जवळजवळ महिनाभर यंत्रात कुलूपबंद होते. परीक्षा देऊन निकालासाठी ताटकळणाऱ्या विद्यार्थ्यांची दया आम्हांस नेहमीच येते. या उमेदवारांचीही आली.

त्यानंतरचे प्रकरण याहून रंगतदार. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी प्रसिद्ध झाली. रायगडचे पालकत्व श्रीवर्धनच्या आमदार व मंत्री अदिती तटकरे यांना मिळाले. म्हसळा त्यांच्याच मतदारसंघात मोडतो. शेजारच्या महाडचे आमदार व मंत्री भरत गोगावले यांच्या पक्षाला हे रुचले नाही, आणि दुसऱ्याच दिवशी नियुक्तीला स्थगिती मिळाली. दोघेही एकाच मंत्रिमंडळातील! पुढे २६ जानेवारीस अलिबागला झेंडा कोण फडकविणार, हाच जिल्ह्यापुढील महाप्रश्न ठरला. तो श्रीमती तटकरे यांनी फडकविला. शाळेत पालकांना बोलावतात ते मूल भांडले म्हणजे. येथे पालकच भांडत होते, आणि मूल बाहेरच्या बाकावर बसून होते. अर्थात् भांडण केवळ झेंड्याचे नव्हते. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते, आणि जिल्ह्याच्या विकासनिधीची वाट त्या खुर्चीवरून जाते.

एवढे हसून झाल्यावर शहरी वाचकांनी क्षणभर थांबावे. म्हसळा तालुक्यातील राजकारण म्हणजे पोरखेळ, अशी कोणाची समजूत असेल तर याच तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, हे त्याने आठवावे. आणि मुंबईने तर अधिकच जपून हसावे. म्हसळ्याचे १७ प्रतिनिधी निवडून आले, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि तिचे २२७ नगरसेवक घरी गेले. पुढचे मतदान उजाडले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या पावणेचार वर्षांहून अधिक काळात देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा अर्थसंकल्प प्रशासकांपुढेच मांडला जाई आणि प्रशासकच तो मंजूर करीत. गटार तुंबले तर म्हसळ्याचा नागरिक निदान आपल्या नगरसेवकाला बाजारात गाठून चार शब्द सुनावू शकत होता. मुंबईकराला सुनावण्यासाठी निवडून दिलेला नगरसेवकच उरला नव्हता. आता सांगा, हसावे कोणी कोणास?

लहान गावातील राजकारणाचा आवाज मोठा आणि वकूब लहान असतो, हे खरे. पण ते राजकारण जिवंत असते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांना आणि गावांतून शहरे होऊ घातलेल्या वस्त्यांना स्वराज्याचा अधिकार दिला. स्वराज्य मिळाल्यावरही 'आमचा पालक कोण?' असे विचारीत बसणे ही अज्ञानाची भाषा झाली. सज्ञान माणसाने पालक शोधावयाचा नसतो. आपल्या कारभाऱ्याकडे हिशेब मागावयाचा असतो.

या बाबतीत दोष आम्हां वृत्तपत्रांकडेही येतो. सत्काराचे छायाचित्र आम्ही तीन स्तंभांत छापतो. सर्वसाधारण सभेत कोणता ठराव झाला, कोणत्या कामाला किती पैसा मिळाला, हे छापण्यास आमच्याजवळ जागा नसते. नगरपंचायतीची सभा एरव्ही नागरिकांना खुली असते. तेथे मागच्या बाकांवर दहा माणसे वही-पेन्सिल घेऊन बसू लागली, तर भूमिपूजनांची संख्या घटेल आणि पुऱ्या झालेल्या रस्त्यांची वाढेल, असा आमचा अंदाज आहे. म्हसळ्याने हा प्रयोग करून पाहावा. यशस्वी झाल्यास मुंबईकरांनी शिकवणीस तेथे जावे. वाटेत रस्ता कसा आहे, तेही त्यांना समजेल.