काळा डबा लावला, गेलं



या सदरात आपण दर महिन्याला घरातल्या एखाद्या यंत्राची कुरकूर ऐकून घेतो. या वेळची कुरकूर माझ्याच घरची, जामसांवलीची आहे.

डिसेंबरात आई अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी तिला घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि उठता-बसता कोणीतरी जवळ हवं. बाबा सत्तरी ओलांडलेले, बहीण परदेशात. मी बंगळूरच्या ऑफिसला घरून काम करायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण कामात खंड पडणार नाही या अटीवर.

खंड पहिल्याच आठवड्यात पडला. ग्राहकाबरोबर मीटिंग चालू असताना माझा आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा आणि मग मी पडद्यावरून गायबच व्हायचो. पाच मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा गुरुवारी संध्याकाळी माझ्या साहेबांचा फोन आला. बोलणं गोड होतं, अर्थ सरळ होता: सोमवारचा डेमो नीट झाला नाही तर इकडे निघून ये.

हातात तीन दिवस होते. बारा-तेरा वर्षं संगणकाचंच काम करणारा मी, आणि पहिली गोष्ट काय केली असेल? इंटरनेटवाल्याला फोन लावून भांडलो. दुसरी गोष्ट, राउटर बंद करून पुन्हा चालू केला. दोन्हींनी काही फरक पडला नाही.

बाबा बाजूच्या खोलीत मोबाइलवर कीर्तन ऐकत होते. म्हणाले, "अरे, मायाच मोबाइलवर त कीर्तन मस्त चालू आहे. तुयाच मशीनले काय झालं?"

मी म्हणालो, "बाबा, तुमचा मोबाइल सिमच्या नेटवर चालतोय." पाहिलं तर नाही. तोही घरच्या वायफायवरच होता. माझ्या शिक्षणाचा असा अपमान बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, पण धागा तिथेच सापडला. एकाच राउटरवर, एकाच वेळी मोबाइल चालतो आणि लॅपटॉप बंद पडतो, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. बिघाड घरात आहे.

मंडळी, नेट गेलं की आपण एकच शब्द वापरतो, "नेट गेलं." प्रत्यक्षात रस्त्याचे दोन टप्पे असतात. पहिला लॅपटॉप ते राउटर, हवेतून. दुसरा राउटर ते बाहेरचं जग, तारेतून. कोणता टप्पा तुटला हे कळल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नये. तपासायला सोपं साधन आहे, 'पिंग'. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला हाक मारायची. हा पत्ता बहुतेक राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. राउटर 'ओ' देतो आणि तरी नेट नाही, तर दोष बाहेरचा. राउटरच 'ओ' देत नाही, तर दोष घरातला. माझ्याकडे नेट गेलं की राउटरही गप्प व्हायचा.

आता घरात काय? पहिला संशय गर्दीवर. आमचं घर हनुमान मंदिराच्या रस्त्यावर आहे. मंगळवारी आणि शनिवारी दर्शनाला ही गर्दी! दुकानांचे वायफाय, लोकांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट, सगळे आजूबाजूला. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. २००५ सालच्या नियमांनी आपल्या देशात तो घरात-बाहेर कुठेही परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. मोकळा म्हणूनच तिथे गर्दी. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस, सगळ्यांचा बाजार एकाच मैदानात भरतो. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा याच पट्ट्यात काम करतो. या पट्ट्यातले १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मोबाइलवरच्या वायफाय तपासणाऱ्या ॲपमध्ये पाहिलं, तर ६ वर शेजाऱ्यांची दाटी होती. राउटर ११ वर नेला. थोडा फरक पडला, पण शुक्रवारी, मंदिराजवळ शुकशुकाट असताना, नेट पुन्हा गेलं. गर्दी निर्दोष सुटली.

दुसरा विचार आला, वायफायचा नादच सोडावा, सरळ केबल ओढावी. तारेसारखं भरवशाचं काही नाही. पण राउटर पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटावर. मी मागच्या खोलीत, आईच्या पलंगाशेजारी. बाबांनी केबल पाहूनच मान हलवली. "जमिनीवर नको. तुई माय त्याच्यात वॉकर अडकवून पुन्हा पडन." दरवाजावरून न्यावी तर मातीच्या जुन्या भिंतीत खिळा धरेना. केबल गुंडाळून ठेवली.

मग मी बाबांना एक काम दिलं. ते निवृत्त मास्तर, हजेरी घेण्यात आयुष्य गेलेलं. म्हणालो, नेट गेलं की मी हाक मारीन, तुम्ही वहीत वेळ लिहा, आणि तेव्हा घरात काय चालू होतं तेही लिहा. त्यांनी कोरी वही काढली, रेघा आखल्या आणि शनिवारी दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले.

संध्याकाळी वही वाचली. मिक्सर चालू, नेट आहे. पाण्याची मोटर चालू, नेट आहे. पाहुणे आले, नेट आहे. आणि चार ठिकाणी, मास्तरी अक्षरात: "काळा डबा लावला. गेलं."

काळा डबा म्हणजे माझा यूएसबी हब. मीटिंग असली की दुसरा पडदा आणि कॅमेरा जोडायला मी तो लावायचो. नेट मीटिंगमध्येच जातं हे मलाही दिसत होतं, पण मी ते व्हिडिओच्या भारावर ढकललं होतं. बाबांना भार वगैरे ठाऊक नाही, म्हणून त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं.

मी पिंग चालू ठेवून हब काढला. उत्तरं पटापट, चार-पाच मिलिसेकंदांत. लावला, तर उत्तरं अडखळली आणि थांबली. पुन्हा काढला, पुन्हा लावला. तीनदा तेच.

कारण ऐका. यूएसबी ३ च्या तारेतून माहिती फार वेगाने धावते आणि त्या धावपळीचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला असतो आणि माझा हब त्याला जवळजवळ चिकटून. सौंसरच्या बाजारात तुमच्या कानाशी कोणी डबा बडवत असेल तर समोरच्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही. दहा पावलांवरच्या माणसाला मात्र ते नीट ऐकू येईल. तो दहा पावलांवरचा माणूस म्हणजे बाबांचा मोबाइल.

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टाही होता. तिथे हा गोंगाट पोचत नाही. पण ५ च्या लहरी भिंतींत लवकर थकतात आणि आमच्या भिंती हातभर जाड. लोखंडी कपाटाने उरलासुरला जोरही अडवला होता.

रविवारी दुरुस्ती केली. राउटर कपाटावरून उतरवून मधल्या खोलीच्या कोनाड्यात, डोक्याच्या उंचीवर ठेवला. ५ च्या पट्ट्याला वेगळं नाव दिलं आणि लॅपटॉप त्यालाच जोडला. हब चांगल्या आवरणाच्या लांब तारेने लॅपटॉपपासून हातभर दूर नेला. खर्च झाला तो त्या तारेचा.

तुमच्याकडे असं झालं तर याच क्रमाने जा:

१. त्याच वायफायवर दुसरं यंत्र चालतं का पाहा. सिमचं नेट आधी बंद करा.

२. राउटरला पिंग करा. बिघाड घरातला की बाहेरचा, ते ठरवा.

३. राउटरच्या जवळ जाऊन बसा. तिथे चाललं तर अंतर, भिंत किंवा लोखंड आडवं येतंय.

४. लॅपटॉपला जोडलेलं सगळं काढा, मग एकेक लावा.

५. तरीही जमलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरची वीजबचत बंद करा. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

६. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

सोमवारचा डेमो पन्नास मिनिटं चालला. एकदाही तुटला नाही. मध्ये आईला उठायचं होतं. मी दोन मिनिटं मागून घेतली, तिला वॉकर धरून दिला आणि परत येऊन बसलो. पलीकडचं कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, आई चालायला लागेपर्यंत तिथेच राहा.

आई जानेवारीच्या शेवटी वॉकर सोडून काठीवर आली. बाबांची वही अजून राउटरशेजारी कोनाड्यात आहे. परवा फोनवर म्हणाले, "वहीत बरीच पानं उरली आहेत. आता काय लिहू?"

पुढच्या महिन्यात भेटू. तुमच्या घरची कुरकूर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आणि हो, नेट कधी जातं त्याची वेळ लिहून पाठवा.